माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर : किलोवर, नगावर की फुकट?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. घरात एका गोष्टीवरून दोन तट पडलेत, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो.

सांगलीचं आमचं जुनं घर पाडून तिथं अपार्टमेंट होणार आहे. त्याच घराच्या पुढच्या खोलीत बाबांनी १९८९ ते १९९८ कॉम्प्युटर क्लास चालवला. गेल्या रविवारी माळा रिकामा केला. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत छातीभर पाणी होतं, माळा वाचला होता. त्यामुळे सगळं कोरडं निघालं: दोन डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडायचे छोटे कॉम्प्युटर (एक थर्माकोलसकट मूळ खोक्यात, दुसरा उघडा, दोन बटणं गायब), एक एक्सटी, म्हणजे जुना पीसी, ६४० केबी मेमरी आणि २० एमबीची सीगेट हार्ड डिस्क असलेला, त्याचा हर्क्युलस या डिस्प्ले कार्डवर चालणारा अंबर मॉनिटर, १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे सहा डबे. आणि एका खाकी पाकिटात जिस्ट कार्ड (पीसीला मराठी लिहायला लावणारं), पुस्तिकेसकट.

भंगारवाल्यानं ताणकाट्याला अडकवून सगळं मोजलं. ४६ किलो. म्हणाला, १७०० देतो. बंगळुरूच्या एका संग्राहकानं व्हॉट्सॲपवर फोटो बघून सगळ्याचे मिळून ३० हजार सांगितलेत. बहीण म्हणते, ३० घे आणि मोकळा हो. बाबा (वय ८१) म्हणतात, शिकणारं कुणी पोर असेल तर देऊन टाक, पैसे घेऊ नको.

भाव ठरवतात कसा, हे मला खरंच कळत नाही. ३० हजार म्हणजे मला लुटतोय की उपकार करतोय? आणि फुकट द्यायचं तर कुणाला?

भुसावळ_पॅसेंजर | शनिवार, रात्री ९:५२

पहिलं काम: काहीही प्लगला लावू नका. भावाचं नंतर बघू.

लॅमिंग्टनचा_वारकरी | शनिवार, रात्री ११:१५

धागा वाचून झोप उडाली. जिस्ट कार्ड पुस्तिकेसकट म्हणताय!

तीस वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आणि चोरबाजारात हिंडून जे कळलं ते सांगतो. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईबेवर कुणीही स्पेक्ट्रमला लाख रुपये लावू शकतो, घेणारा नसेल तर तो भाव नव्हे. तिथं 'विकल्या गेलेल्या वस्तू' एवढंच बघायचा पर्याय असतो, फक्त तेवढ्याच आकड्यांवर विश्वास ठेवा. तेही तिकडचे भाव, तिकडच्या गिऱ्हाइकांचे. आपल्याकडे वस्तू कमी आणि घेणारे त्याहून कमी.

दुसरं, 'चालू आहे', 'चालत नाही' आणि 'तपासलेला नाही' हे तीन वेगळे भाव आहेत. विकणारा 'तपासलेला नाही' म्हणाला की मी 'बंद' समजूनच पैसे मोजतो. तुमचा माल खरोखरच तपासलेला नाही, म्हणून बंगळुरूवाल्यानं तो धोका भावात धरलाय. तो लुटत नाहीये. पण सगळं एकगठ्ठा मागतोय, त्यात जिस्ट कार्ड जवळजवळ फुकटात जातंय, हे लक्षात घ्या.

डीबी स्पेक्ट्रमबद्दल: १९८८ मध्ये आपल्याकडे इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचा परवाना घेऊन निघालेलं मॉडेल ते. इंग्लंडात साधे स्पेक्ट्रम पैशाला पासरी, पण ज्याच्याकडे सगळी मॉडेलं आहेत त्याला नेमकं हेच हवं असतं. खोकं, थर्माकोल, कॅसेट, पुस्तिका यातलं काय काय आहे ते लिहा. निम्मा भाव खोक्यात असतो.

नाशिककर_अमेय | शनिवार, रात्री ११:३०

ॲपल-१ ची बातमी आल्यापासून भावांचा विचकाच झालाय. १९७६ साली ६६६.६६ डॉलरला विकलेला बोर्ड, जेमतेम दोनशे बनवले होते. त्यातला एक २०१४ मध्ये हेन्री फोर्ड म्युझियमनं ९,०५,००० डॉलरला घेतला. ते वाचून आमच्या सोसायटीतले काका पेंटियम थ्री घेऊन माझ्या दारात. "बघ, लाखभर तरी येतील." त्यांना चहा पाजून समजावता समजावता संध्याकाळ झाली.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ७:०५

मी सरळ बोलतो. फुकट देऊ नका. फुकट मिळालेल्या वस्तूची कुणी निगा राखत नाही, असा माझा अनुभव आहे. पाचशे का होईना, पण घ्या. खिशात हात घालणारा माणूस वस्तू नीट पॅक करून नेतो. फुकट नेणारा "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत तीन महिने घालवतो.

आणि किलोचा भाव हा पाया समजा. भंगारवाला जे देतो ते प्लास्टिक, तांबं, लोखंडाचं. चिपच्या सोन्याचा हिशोब तो तुम्हाला सांगत नाही. सिरॅमिकच्या जुन्या चिपा, त्यातही पेंटियम प्रो, सोन्यासाठीच फोडल्या जातात. चालू मशिनं अशीच संपली. तेव्हा १७०० च्या वर जे मिळेल ते मशीन वाचवण्याचे पैसे, असं मी मानतो.

सुलेखा_१९८७ | रविवार, सकाळी १०:२०

जिस्ट कार्ड वाचलं आणि हात आपोआप इनस्क्रिप्टच्या (भारतीय लिप्यांच्या कीबोर्डच्या) जागी गेले.

मी सरकारी कार्यालयात टंकलेखिका होते. मराठी टाइपरायटरवर शिकलेली. एक दिवस साहेबांनी नवा पीसी दाखवला, त्यात हे कार्ड. पडद्यावर काळ्यावर पांढरं देवनागरी, तेसुद्धा वर्डस्टारमध्ये आणि डीबेसमध्ये! म्हणजे प्रोग्राम इंग्रजीसाठी लिहिलेला, आणि कार्ड मध्ये बसून त्याला मराठी बोलायला लावतंय. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम ते, पुढे पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलं. एक कळ दाबली की तीच यादी कानडीत किंवा गुजरातीत दिसायची, कारण आत सगळ्या लिप्यांना एकच सांकेतिक क्रम होता. सीमाभागातल्या गावांच्या याद्या आम्ही असं करून तपासायचो. मला अजून आठवतंय, जोडाक्षर उमटलं की पडदा किंचित लुकलुकायचा, आणि शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब दर वेळी "आलं, आलं" म्हणायचे.

कृष्णाकाठ, ते कार्ड मोडीत घालू नका आणि लॉटमध्येही घालू नका. फ्लॉप्या तर आधी बघा. त्यात कुणी मराठीत टाइप केलेलं काही असलं तर ते इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या त्याच जुन्या सांकेतिक क्रमात असणार. आजच्या संगणकाला ते कचरा वाटेल, पण रूपांतर करून वाचता येतं.

भुसावळ_पॅसेंजर | रविवार, सकाळी १०:४१

सुलेखाताई, नुसत्या प्रतिसादावर थांबू नका, वेगळा धागा काढा.

थेम्सकाठी | रविवार, दुपारी २:१०

इंग्लंडमधून दोन शब्द. इथे 'स्वतः येऊन घेऊन जा' असं लिहिलेल्या जाहिराती रोज असतात. पुष्कळ लोकांना पैसे नकोच असतात, घर रिकामं हवं असतं. मला माझा बीबीसी मायक्रो (इथल्या शाळांतला जुना कॉम्प्युटर) असाच मिळाला. एका आजीबाईंच्या शिक्षक नवऱ्याचा. त्यांनी पैसे घेतले नाहीत, मुलांना दाखवशील एवढंच वचन घेतलं.

घरी आणून उत्साहाच्या भरात लगेच चालू केला. दहा मिनिटं छान चालला, मग पॉवर सप्लायमधून फाट् आवाज आणि खोलीभर असा धूर की बायकोनं खिडक्या उघडल्या. त्या सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर वरून तडकतात, दमट हवा आत शिरते आणि ते असे जातात. बदलायला खर्च अगदी किरकोळ, पण मला डाख लावायला (सोल्डरिंग) शिकावं लागलं. तेव्हापासून कुठलंही जुनं मशीन आणलं की आधी उघडतो, मग वीज.

संग्रहालयांचं विचारत असाल तर ब्लेचली पार्कचं नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग असो वा केंब्रिजचं सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरी, ज्याच्या प्रती त्यांच्याकडे आहेत ते ते घेतीलच असं नाही. जागा सगळ्यांनाच कमी.

निवृत्त_गुरुजी | रविवार, दुपारी ४:३५

बीबीसी मायक्रोवरून आठवलं. १९८४ मध्ये केंद्राची 'क्लास' योजना आली, त्यात देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो आले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं त्याचीच आवृत्ती 'युनिकॉर्न' नावानं काढली. मी ज्या शाळेत होतो तिथंही दोन होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात, कुलपात. मुलांना आठवड्यातून एकदा लांबून दाखवायचे.

पुढे ते डेडस्टॉक रजिस्टरला तसेच पडून राहिले. निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर नाव कमी, झाल्याशिवाय शाळेची सुईसुद्धा बाहेर देता येत नाही. निर्लेखन झालं तेव्हा लिलाव झाला, आणि ते बाकांच्या लोखंडाबरोबर वजनावर गेले. मी रजेवर होतो. परत आलो तर कपाट रिकामं. आजही त्या लाल रंगाच्या कळा डोळ्यांपुढे येतात.

संग्राहकांना विनंती: शाळा-कार्यालयातलं मशीन कुणी विकत असेल तर लिलावाची पावती मागा. आणि शाळांत ओळख असेल तर निर्लेखनाची यादी निघण्याआधी जाऊन बसा.

मोडेम_५६के | रविवार, रात्री ८:५०

फुकट देण्यावर माझा एक कडू अनुभव. दोन वर्षांपूर्वी माझा कमोडोर ६४ एका मुलाला दिला. "दादा, मला शिकायचंय" म्हणाला. बरोबर जॉयस्टिक, डेटासेट (त्याचा कॅसेट प्लेअर), सगळं. सोळाव्या दिवशी तोच कमोडोर, माझ्या मुलीनं लावलेल्या फुलाच्या स्टिकरसकट, विक्रीच्या साइटवर. १४ हजार. मी फोन केला तर उचलला नाही.

पैशाचं दुःख नाही. मला विकायचाच असता तर मीच विकला असता. ते स्टिकर बघून वाईट वाटलं.

हिशेबनीस | रविवार, रात्री ९:०२

म्हणूनच म्हणतो, पैसे घ्या.

लॅमिंग्टनचा_वारकरी | रविवार, रात्री ९:२५

मोडेमदादा, वाईट वाटणारच. पण एकदा उदक सोडलं की वस्तू त्याची झाली. त्याला गरज असेल, फी भरायची असेल, आपल्याला काय माहीत?

मोडेम_५६के | रविवार, रात्री ९:३१

गरज असती तर मला सांगून विकला असता तरी चाललं असतं. उदक सोडलं हे मान्य, पण शिकायला म्हणून मागायचं आणि विकायचं याला फसवणूकच म्हणतात.

चिपळूणचा_पाऊस | रविवार, रात्री १०:१५

मोडेमदादांच्या बाजूनं आहे, पण दुसरी बाजूही सांगतो.

२२ जुलै २०२१. आमच्या घरात पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना लागलं. माझा बारा वर्षांचा संग्रह तळमजल्यावर होता. पाणी ओसरल्यावर चिखलातून एक अमिगा ५०० काढला, कळांमधून गाळ निथळत होता. फ्लॉप्यांचं तर विचारूच नका, कोकणात एरवीही पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी धरते.

पंधरा दिवसांनी कुरिअर आलं. पुण्यातल्या एका संग्राहकानं कीबोर्ड, पॉवर सप्लाय आणि दोन खोकी कोऱ्या डिस्क पाठवलेल्या. आमची तोवर ओळखसुद्धा नव्हती. मी पैसे विचारले तर म्हणाले, तुझ्याकडे जास्तीचं काही झालं की पुढच्याला दे. मी आतापर्यंत तिघांना दिलं. म्हणून फुकट देणाऱ्याला कुणी वेडा म्हटलं की मला राहवत नाही. हिशेबनीस, तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण सूर तसा लागला.

अमिगा चालू झाला नाही. बोर्ड गेला तो गेलाच. केस मी धुवून ठेवलीय.

हिशेबनीस | रविवार, रात्री १०:४०

चिपळूण, सूर तसा लागला असेल तर माफ करा. पुरात दिलेलं आणि माळा रिकामा करताना दिलेलं यात मी फरक करतो. पहिल्याला माझा विरोध नाही, कधीच नव्हता.

सनीवेलहून | सोमवार, सकाळी ६:३०

अदलाबदलीबद्दल कुणीच बोललं नाही. माझा निम्मा संग्रह पैशाविना झालाय. टीव्हीएस गोल्डचे तीन कीबोर्ड भारतातून आणले होते, इथल्या एका यांत्रिक कीबोर्डवेड्यानं त्यांच्या बदल्यात चालू ईजीए मॉनिटर दिला. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटतंय. अदलाबदलीत बाजारभाव बघूच नये, आपल्याला काय हवंय ते बघावं.

आणि जाता जाता: अमेरिकेतून कुणी कमोडोर आणत असेल तर तो ११० व्होल्टचा आणि एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीचा असतो, आपली पद्धत पाल. शिवाय त्याच्या मूळ ठोकळ्यासारख्या सप्लायमध्ये बिघाड झाला की पाच व्होल्टच्या जागी जास्त जातात आणि मेमरी चिपा मरतात. मशीनपेक्षा आधी सप्लाय बदला.

कराडचा_पोऱ्या | सोमवार, दुपारी १:०५

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झेड ८०, म्हणजे स्पेक्ट्रममधला प्रोसेसर, आम्हाला नुसता फळ्यावर शिकवला. खरा चालताना बघितलेला नाही.

काका, मला विकत घेता येणार नाही, खरं सांगतो. पण स्पेक्ट्रम दुरुस्त करायला आवडेल. मोडेमदादांचं वाचून मागायलाच लाज वाटतेय, म्हणून दुसरं सुचवतो: तुम्ही मला दोन्ही स्पेक्ट्रम द्या, मी दोन्ही दुरुस्त करायचा प्रयत्न करतो. चांगला चालेल तो तुमचा. दुसरा माझ्याकडे राहिला तर राहू दे, नाहीतर तोही परत. काय काय केलं त्याचे फोटो इथेच टाकीन.

एक चूक आधीच सांगून टाकतो. मित्राच्या काकांचा स्पेक्ट्रम बघायला मिळाला होता, मी नऊ व्होल्टचा साधा अडॅप्टर लावला. स्पेक्ट्रमच्या पिनचं मधलं टोक ऋण असतं, हे मला माहीत नव्हतं. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरचं धन असतं. एक ट्रान्झिस्टर आणि खालच्या मेमरीतल्या दोन चिपा गेल्या. सहा महिने चिपा शोधून तो चालू करून दिला. पुन्हा ती चूक होणार नाही.

मोडेम_५६के | सोमवार, दुपारी १:२०

याला द्या.

भुसावळ_पॅसेंजर | सोमवार, दुपारी १:२२

+१. चूक स्वतःहून सांगणाऱ्याच्या हातात मशीन सुरक्षित असतं.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी ३:४५

माझंही +१. पोरा, कुरिअरचा खर्च माझ्याकडून. व्यक्तिगत निरोप पाठव.

थेम्सकाठी | सोमवार, संध्याकाळी ५:१०

कराडकर, उघडताना जपून. कीबोर्डच्या पातळ पट्ट्या इतक्या वर्षांत कडक होतात आणि हात लागताच तुटतात. तुटल्या तर घाबरू नकोस, नवीन मेम्ब्रेन मिळतं.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १०:३०

सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवले. सुलेखाताईंचा दोनदा. चिपळूणचा वाचताना ते गप्प झाले, मग म्हणाले, आपलं वाचलं म्हणजे आपण द्यायला हवं.

आता ठरलं ते सांगतो. दोन्ही स्पेक्ट्रम कराडला, त्यानं सांगितलेल्याच बोलीवर. मूळ खोकं मी ठेवलंय, चांगला परत आला की त्यात जाईल.

एक्सटी, मॉनिटर आणि प्रिंटर बंगळुरूला. मी त्यांना सरळ फोन करून विचारलं, जिस्ट कार्ड आणि स्पेक्ट्रम सोडून किती? त्यांनी ११ हजार सांगितले आणि 'तपासलेला चालू' असेल तर १६. वारकऱ्यांचं तंतोतंत खरं निघालं. मग इथल्याच एका जुन्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं सप्लाय उघडून साफ केला, जोडला. हार्ड डिस्कनं आधी करकर आवाज केला, मला वाटलं संपलं. आणि अंबर अक्षरात सी प्रॉम्प्ट. बाबांना विचारलं, हा अजून चालतो कसा? म्हणाले, रोज रात्री बंद करायच्या आधी पार्क टाइप करायचो, हेड बाजूला घेतल्याशिवाय कधी बटण दाबलं नाही. शेवटच्या रात्रीही केलं होतं. नेणाऱ्यालाही मी तेच करून, बंद करून दिलाय.

५२ हजारांना घेतला होता तो, नागरी बँकेचं कर्ज काढून. १६ हजार बाबांच्या हातात दिले, त्यांनी ते बहिणीला दिले.

फ्लॉप्यांत विद्यार्थ्यांच्या नावांची यादी निघाली, पत्त्यांसकट. ते डबे कुणाला देणार नाही. आधी वाचून घेतो.

जिस्ट कार्ड सध्या विकत नाहीये. सुलेखाताई, तुम्ही पुण्यात असाल तर एक दिवस घेऊन येतो. ड्रायव्हरची फ्लॉपी वाचता आली तर तिची प्रत सगळ्यांना.

सुलेखा_१९८७ | गुरुवार, रात्री १०:५०

पुण्यातच आहे. या. आयएसए स्लॉट (असं जुनं कार्ड बसवायची खाच) असलेला पीसी मात्र माझ्याकडे नाही, आणि तुमचा तर बंगळुरूला गेला. कुणाकडे आहे का पुण्यात?

लॅमिंग्टनचा_वारकरी | गुरुवार, रात्री ११:१०

माझ्याकडे ३८६ आहे, बॅटरी गळून बोर्डावर हिरवं झालेलं व्हिनेगरनं साफ केलंय, उत्तम चालतो. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात यायचंच आहे, गाडीत टाकून आणतो. सुलेखाताईंच्या घरी दुपारी जमू.

कराडचा_पोऱ्या | शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

पार्सल मिळालं. बटणं गायब असलेला आधी उघडला. व्होल्टेज तिन्ही बरोबर आहेत. टीव्हीवर कॉपीराइटच्या ओळीऐवजी काळेपांढरे चौकोन येताहेत, म्हणजे मेमरी बघावी लागेल. खोक्यात होता त्याला अजून हात लावलेला नाही. थेम्सकाठी काका, पट्टी तुटलीच. मेम्ब्रेन केवढ्याला पडेल?

थेम्सकाठी | शुक्रवार, रात्री ८:१५

ऑगस्टमध्ये येतोय, दोन घेऊन येतो. पैसे नकोत. कृष्णाकाठ, तुम्ही सांगलीचं भडंग आणा, लसूण जास्त असलेलं. अर्धा किलो पुरे.